वाऱ्यात उंचीवर काम करताना: पडू नये म्हणून काय करावे, कोणी पडल्यास काय करावे

मे महिन्याची दुपार. छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशीच्या पुढे, हवा कोंदट, झाडाचे पानही हलत नाही. चार-साडेचारला आभाळ काळवंडते आणि पाहता पाहता धुळीचा लोट घेऊन वारा येतो. मग घराघरांतून हाका सुरू होतात: 'पत्रा उडतोय, वर दगड ठेव', 'टाकीचं झाकण बघ', 'गच्चीवरचे पापड-कुरडया आण'. हाक ऐकून घरातला कोणीतरी चपला न बदलता, शिडी नीट न लावता वर धावतो. उंचावरून पडण्याचा धोका याच घाईत सर्वांत जास्त असतो.

हा लेख घरच्या घरी पत्र्यावर किंवा टाकीवर चढणाऱ्यांसाठी आहे. तसाच तो बांधकामावर, शेडवर किंवा कारखान्यात उंचीवर काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- वरची कामे वारा सुटण्याआधी आटपायची असतात. वारा सुटल्यावर वर चढू नका. वर असाल तर खाली या.
- पत्रा उडाला तर दुसरा आणता येतो. मोडलेला मणका मात्र बदलता येत नाही.
- कोणी उंचावरून पडल्यास त्याला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका, दुचाकीवर नेऊ नका. १०८ वर फोन करा.
- पडलेला माणूस चालत-बोलत असला तरी त्याला डॉक्टरांना दाखवा आणि पहिले २४ तास एकटे ठेवू नका.

आपल्याकडे वारा कधी आणि कसा येतो?

संभाजीनगर शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. इथे जोराचा वारा मुख्यतः दोन प्रकारे येतो.

पहिला वळिवाचा. एप्रिल, मे आणि जूनच्या सुरुवातीला दुपारनंतर गडगडाटी ढग तयार होतात. ढगातली थंड, जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. पाऊस सुरू होण्याआधीच हा वारा तुमच्यापर्यंत पोहोचतो. थंड झुळूक लागली, म्हणजे जोराचा झोत काही मिनिटांवर आला असे समजा.

दुसरा पावसाळ्याचा. जून ते ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येकडून दिवसभर वारा वाहतो. तो वळिवासारखा अचानक येत नाही, पण तासन्‌तास चालतो. शिवाय पत्रे, शिडी आणि बांबू ओले असल्याने पाय घसरतो.

इमारतींच्या रचनेबाबतच्या भारतीय मानकात या शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. असा झोत क्वचितच येतो, पण इमारत तो सहन करेल अशी बांधावी, असा त्याचा अर्थ. माणसाचा तोल मात्र याच्या एक तृतीयांश वेगातही जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जमिनीवर वारा कमी वाटला तरी चौथ्या मजल्याच्या गच्चीवर तो जास्त असतो. इमारतीच्या कोपऱ्यांवर, कडेला आणि दोन इमारतींमधल्या बोळात त्याचा जोर आणखी वाढतो. खाली उभे राहून वरच्या वाऱ्याचा अंदाज करू नका.

वाऱ्यात तोल का जातो?

आपला तोल तीन गोष्टी सांभाळतात: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळपाय व सांध्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना. वाऱ्यात यांतल्या दोन तर लगेच बिघडतात. डोळ्यांत धूळ गेली की डोळे मिटतात. आणि पायाखालचा पत्रा किंवा शिडी थरथरत असेल तर तळपायाकडून चुकीची माहिती मिळते.

वारा एकसारखा नसतो, हा त्याहून मोठा धोका. झोत आला की आपण नकळत त्याच्या दिशेने झुकून उभे राहतो. झोत अचानक थांबला की आधार निघून गेल्यासारखे होते आणि माणूस पुढे पडतो. त्यातच हातात पत्रा, ताडपत्री, फ्लेक्स किंवा प्लायवूड असेल तर त्याचे शीड होते.

हा जोर किती असतो, हे पाहा. १० फूट लांब आणि ३ फूट रुंद पत्रा वाऱ्यासमोर आडवा धरला, तर त्यावर साधारण इतका रेटा येतो:

- ताशी २० किलोमीटर वारा: ५ किलो
- ताशी ३० किलोमीटर: १२ किलो
- ताशी ४० किलोमीटर: २१ किलो
- ताशी ६० किलोमीटर: ४७ किलो

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणून 'मघाशी तर जमलं होतं' हा हिशेब वाऱ्यात चालत नाही.

आणि पडायला वेळ लागत नाही. १० फुटांवरून पडणारा माणूस एका सेकंदाच्या आत, ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. सावरायला वेळच मिळत नाही.

वाऱ्याचा वेग कसा ओळखावा?

यंत्र नसले तरी आजूबाजूला पाहून अंदाज येतो.

- धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात: ताशी २० ते २८ किलोमीटर. पत्रा, ताडपत्री, फ्लेक्स यांचे काम आताच थांबवा.
- लहान झाडे पूर्ण डोलू लागतात: ताशी २९ ते ३८ किलोमीटर. शिडी, पत्रे आणि परांचीवरून खाली या.
- मोठ्या फांद्या हलतात, तारांतून शिट्टीसारखा आवाज येतो, छत्री धरवत नाही: ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. उंचीवर कोणीही असता कामा नये.
- आख्खी झाडे हलतात, वाऱ्यासमोर चालणे जड जाते: ताशी ५० किलोमीटरच्या पुढे. घरात, पक्क्या छताखाली थांबा.

कामाला लागण्यापूर्वी हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा पाहा. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप मोबाइलवर ठेवा. गडगडाट ऐकू आला की वाऱ्याची वाट न पाहता खाली उतरा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर निदान ३० मिनिटे पुन्हा वर जाऊ नका.

कोणी उंचीवर चढू नये?

खालीलपैकी काही लागू असेल तर वारा नसतानाही शिडी चढण्याआधी डॉक्टरांशी बोला. वाऱ्यात तर चढूच नका.

- चक्कर येणे, कानाचा तोलाचा आजार, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे
- फिट येण्याचा आजार, मग गोळ्या चालू असल्या तरी
- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम कमी करू शकणाऱ्या गोळ्या
- रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झालेली किंवा डोस बदललेला असणे
- सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कारण लहान मारानेही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो
- मोतीबिंदू, किंवा जवळचे-लांबचे एकत्र असलेला चष्मा, ज्यातून पायाखालची पायरी अस्पष्ट दिसते
- हाडे ठिसूळ झालेली असणे, गुडघेदुखी, पायांची बधिरता
- दारू घेतलेली असणे, किंवा आदल्या रात्रीची दारू न उतरलेली असणे

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. तुम्ही उंचीवर काम करता हे डॉक्टरांना सांगा. बऱ्याचदा गोळीची वेळ किंवा गोळी बदलून देता येते.

मे महिन्यात आणखी एक कारण असते. उन्हात काम करताना घाम जाऊन शरीरातले पाणी कमी होते आणि उभे राहताच गरगरते. दर अर्ध्या तासाने पाणी प्या, पत्र्याचे काम सकाळी दहाच्या आत संपवा. वळिवाचा वारा बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून सकाळची वेळ दोन्ही दृष्टींनी बरी.

घरातली कामे: वारा येण्याआधी काय करावे?

*पत्रे.* मराठवाड्यात पत्र्यावर दगड किंवा विटा ठेवण्याची पद्धत सगळीकडे दिसते. ती दुहेरी धोक्याची आहे. दगड ठेवायला माणूस वाऱ्यात वर जातो, आणि पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली झोपलेल्या माणसांवर पडतात. मार्चमध्येच कारागिराकडून पत्रे हुक, बोल्ट आणि वॉशर लावून खालच्या लोखंडी अँगलला पक्के करून घ्या. कडेची आणि कोपऱ्यातली ओळ आधी पाहा, कारण वारा पत्रा तिथूनच उचलतो. मग दगड काढून टाका.

*सिमेंटचे पत्रे.* यांवर कधीही थेट पाय देऊ नका. वरून पक्का वाटणारा जुना पत्रा माणसाच्या वजनाने एकदम फुटतो. बोल्टच्या ओळीवरून चालले की चालते, हा समजही चुकीचा आहे. दोन-तीन अँगलवर टेकतील अशा लांब, जाड फळ्या टाकूनच त्यावरून जावे.

*पाण्याच्या टाक्या.* शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून अनेक गच्च्यांवर दोन-तीन टाक्या असतात. पाणी आले की कोणीतरी टाकी भरली का ते पाहायला वर जातो, कधी रात्री, कधी वाऱ्यात. १,००० लिटरची भरलेली टाकी एक टन वजनाची असते, ती हलत नाही. रिकामी टाकी मात्र वाऱ्याने उडते. रिकामी टाकी बांधून ठेवा, झाकणाला दोरी लावा, आणि टाकी भरल्याचे खालीच कळावे म्हणून बेल किंवा फ्लोट स्विच बसवा. वर चढण्याची एक खेप कमी झाली की तेवढा धोका कमी होतो.

*सोलर, डिश, कपड्यांच्या तारा.* वाऱ्यात हलताना दिसले तरी धरायला जाऊ नका. खालची जागा रिकामी करा आणि वारा थांबू द्या.

*शिडी.* चार फूट उंचीला पायथा एक फूट बाहेर, हे प्रमाण ठेवा. शिडीचे वरचे टोक कडेच्या तीन फूट वर यावे आणि ते बांधलेले असावे. चढताना दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय कायम शिडीवर असावेत. सामान हातात न घेता दोरीने वर ओढावे. खाली एक माणूस उभा हवा.

*मुले.* संक्रांतीच्या दिवसांत पतंगासाठी चांगला वारा म्हणजेच गच्चीवरच्या मुलांसाठी धोक्याचा वारा. पतंग उडवताना नजर वर असते आणि पाय मागे सरकतात. कठडा मुलाच्या छातीइतका नसेल तर पतंग मैदानात उडवावा. मुलांना पत्र्यावर किंवा टाकीवर चढू देऊ नये.

बांधकामावर, शेडवर आणि कारखान्यात

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक भागांतल्या शेडवर आणि शहरातल्या बांधकामांवर अनेकजण रोजंदारीने उंचीवर काम करतात. घरच्यांनी त्यांना पुढील गोष्टी विचाराव्यात.

- पट्टा कोणता आहे? फक्त कमरेचा पट्टा पुरेसा नाही. झटका बसला की त्याने पोटाला आणि मणक्याला इजा होते. खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट हवा.
- तो कशाला अडकवला आहे? पाण्याचा पाइप, टाकी, कठड्याची जाळी किंवा सुटा बांबू चालत नाही. माणसाच्या डोक्यावर असलेल्या पक्क्या तुळईला किंवा त्यासाठी लावलेल्या दोरखंडाला हुक हवा.
- परांचीवर हिरवी जाळी किंवा ताडपत्री आहे का? असेल तर वारा सगळी परांची ओढतो. जोराच्या वाऱ्यानंतर बांधण्या तपासल्याशिवाय कोणी वर जाऊ नये.
- काम थांबवायचे कोणी ठरवायचे? मुकादम किंवा ठेकेदाराने सकाळीच सांगावे की वारा वाढला की काम बंद. 'खाली ये' अशी हाक वाऱ्यात ऐकू येत नाही, म्हणून शिट्टी ठरवून घ्या.

बांधकाम कामगारांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून ती चालू ठेवावी. कारखान्यात असाल तर राज्य कामगार विमा योजनेचे कार्ड घरच्यांना कुठे आहे ते माहीत असावे.

खाली असणाऱ्यांनीही सावध राहावे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात प्रचंड होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि १७ जणांचा जीव गेला. वारा सुटला की होर्डिंग, परांची, जुने झाड किंवा पत्र्याच्या शेडखाली आसऱ्याला थांबू नका.

कोणी उंचावरून पडल्यास काय करावे?

१. आधी वीज पाहा. पडलेला माणूस किंवा शिडी तारेला लागली असेल तर हात लावू नका. घरातील मेन स्विच बंद करा. तार रस्त्यावरची असेल तर दूर राहा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

२. १०८ वर फोन करा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. किती उंचीवरून पडला, शुद्धीत आहे का, आणि जवळची ठळक खूण सांगा. १०८ लागत नसेल तर ११२ लावा.

३. हलवू नका. वरून आणखी काही पडण्याचा धोका असेल तरच जागा बदला. डोके दोन्ही हातांनी जसे आहे तसे स्थिर धरा. 'ऊठ, बस, चालून बघ' म्हणू नका.

४. श्वास पाहा. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब द्या. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

५. उलटी होत असेल तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तिघा-चौघांनी मिळून पूर्ण शरीर एकाच वेळी कुशीवर वळवा.

६. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. अंगात सळई किंवा काच घुसली असेल तर ती ओढून काढू नका. जखमेवर हळद, चहापूड लावू नका.

७. पाणी, चहा, गोळी देऊ नका. शस्त्रक्रिया लागू शकते. मोडलेला हातपाय ओढू किंवा चोळू नका.

माणूस पट्ट्याला लटकत राहिला असेल तर तोही तातडीचा प्रसंग आहे. पाय खाली लोंबकळत राहिले की रक्त पायांत साठते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला पाय हलवत राहायला सांगा, अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा आणि शक्य तितक्या लवकर खाली घ्या.

गंभीर इजा असेल तर जिथे सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियेची सोय २४ तास आहे अशाच रुग्णालयात न्या. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे घाटी, हे त्यासाठीचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. खासगी रुग्णालयात नेल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिथे लागू आहे का ते सुरुवातीलाच विचारा.

'काही झालं नाही, चालतोय की': इथे चूक होते

तीन फूट किंवा पाच पायऱ्यांवरून पडणे डॉक्टर किरकोळ मानत नाहीत. बाहेरून खरचटलेलेही नसताना आत इजा असू शकते.

- डोके: पडल्यावर माणूस काही वेळ शुद्ध हरपतो, मग नीट बोलतो, आणि काही तासांनी पुन्हा गुंगतो. मधल्या काळात कवटीच्या आत रक्त साठत असते. वयस्कर माणसांत हे लक्षण दोन-तीन आठवड्यांनीही दिसू शकते.
- टाच आणि मणका: पायांवर पडलेल्याची टाच मोडली असेल तर त्याच धक्क्याने कमरेचा मणकाही दबलेला असू शकतो. टाच दुखते म्हणून फक्त टाचेचा एक्स-रे काढू नका; पाठही तपासायला सांगा.
- पोट: डाव्या बाजूवर पडल्यास प्लीहेला इजा होऊ शकते. रक्तस्राव हळूहळू होतो. पोटासोबत डावा खांदा दुखणे ही त्याची खूण आहे.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालयात जा: वाढती डोकेदुखी, दोनदा किंवा जास्त उलट्या, बडबड किंवा जास्त झोप, फिट, कान-नाकातून पाणी किंवा रक्त, हातपाय बधिर वा कमजोर, लघवी न होणे, लघवीत रक्त, श्वास लागणे, पोट फुगणे, मान किंवा पाठ हलवता न येणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षण नसले तरी डोक्याच्या स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा.

घरी पाठवले असेल तर पहिले २४ तास कोणीतरी सोबत असावे. दारू, झोपेची गोळी आणि स्वतःच्या मनाने घेतलेली वेदनाशामक गोळी टाळावी. जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

पुन्हा उंचीवर कधी जावे?

प्लास्टर निघाले म्हणजे माणूस शिडीला तयार झाला असे नाही. चक्कर पूर्ण थांबलेली हवी, एका पायावर डोळे उघडे ठेवून तोल राहायला हवा, हाताची पकड परत यायला हवी. डोक्याला मार लागून फिट आली असेल तर मेंदूच्या डॉक्टरांनी लेखी सांगितल्याशिवाय उंचीचे काम करू नका. रोजीचा प्रश्न असतो हे खरे. म्हणून 'मला जमिनीवरचे काम करता येईल' असे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ते मुकादमाला दाखवा.

आज घरी गेल्यावर एक काम करा. गच्चीवर किंवा पत्र्यावर काय सुटे आहे ते वारा नसताना पाहा आणि यादी करा. ते पक्के करून घेतले, तर पुढच्या वळिवात कोणाला वर पाठवायची वेळ येणार नाही.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबद्दल आणि औषधांबद्दल तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. अपघातात वेळ न दवडता १०८ वर फोन करा.*